भुकेचा हिशेब व आमच्या शहराचें कर्तव्य

दुष्काळांतील भूक सर्वांस दिसते. ती रस्त्यावर येते, टँकरमागें धांवते, कचेरीच्या दारांत बसते व वर्तमानपत्रांस मजकूर पुरविते. सुकाळांतील भूक मात्र ज्याच्या पोटांत असते त्यासच ठाऊक असते. जाधववाडीच्या बाजारांत धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या आहेत, भाजीपाल्याचे ढीग संध्याकाळपर्यंत न खपतां सुकत आहेत, मंगल कार्यालयांच्या मागील दारीं उष्ट्या अन्नाचीं पिंपें भरून उभीं आहेत. आणि त्याच शहरांत धुणींभांडीं करणारी बाई मालकिणीनें दिलेली पोळी स्वतः न खातां पदराआड करून मुलांकरितां घरीं नेत आहे. हीं दोन्ही चित्रें एकाच दिवसाचीं व एकाच शहराचीं आहेत. त्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न केवळ दयेचा नाहीं; तो हिशेबाचा आहे. आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत व हिशेब त्यांस आमच्यापेक्षां अधिक कळतो. म्हणून आज आम्ही हा विषय त्यांच्यापुढें मांडीत आहों.

प्रथम एका दिवसाची आठवण देणें भाग आहे. ८ मे २०२० रोजीं पहांटे, आमच्याच जिल्ह्यांतील करमाडजवळ, रेल्वेच्या रुळांवर झोंपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखालीं चिरडून मेले. ते मध्य प्रदेशाचे रहिवासी. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत पोट भरण्यास आलेले. टाळेबंदीनें काम गेलें, कामाबरोबर मजुरी गेली, तेव्हां भुसावळला गाडी मिळेल या आशेनें ते रुळारुळानें चालत निघाले होते. दुसऱ्या दिवशींच्या छायाचित्रांत रुळांवर विखुरलेल्या पोळ्या दिसल्या. त्या पोळ्या ज्यांनीं पाहिल्या त्यांस हें सांगावयास नको कीं, ते लोक भिकारी नव्हते. ते कमावते होते. टाळेबंदीपूर्वीं आमच्या इमारतींस लागणारें लोखंड तेच ओतीत होते. ज्याच्या मजुरीवर उद्योग उभा राहतो त्याच्या शिल्लकेंत चार दिवसांचें अन्न नसतें, व तें नसलें तर त्यास ज्या गांवांत तो राबतो तेथें रेशनचा दाणाही मिळत नाहीं, हें त्या पहांटेनें सिद्ध केलें. तो अपघात होता असें म्हणून आपण मोकळे झालों. परंतु रुळांवर निजण्याची पाळी त्यांजवर कां आली याचें उत्तर अपघाताच्या पंचनाम्यांत नसतें.

आतां आंकड्यांकडे वळूं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं ३५.२ टक्के मुलें वयाच्या मानानें खुजीं, २५.६ टक्के उंचीच्या मानानें रोडावलेलीं व ३६.१ टक्के वयाच्या मानानें कमी वजनाचीं भरलीं. म्हणजे सरासरीनें पाहतां तीन मुलांमागें एकाच्या वाढीस अन्नाच्या तुटीनें खीळ बसलेली. त्याआधींच्या, २०१५-१६ च्या पाहणींत खुज्या मुलांचें प्रमाण ३४.४ टक्के होतें. अर्थात् इतक्या वर्षांत तें घटलें नाहीं, उलट किंचित् वाढलें. ज्या राज्याच्या संपत्तीची आपण प्रौढी मिरवितों, त्याच्या घरांतील हें वास्तव आहे. भूक म्हणजे केवळ रिकामें पोट नव्हे. भाकरी आहे पण डाळ नाहीं, भात आहे पण भाजी नाहीं, दूध कधींच नाहीं, हीही भूकच होय. तिनें माणूस एका दिवसांत मरत नाहीं. तो वीस वर्षें थोडा थोडा कमी वाढतो.

आमच्या शहरास अन्नदानाची परंपरा नाहीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. पाणचक्की पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येतात. परंतु ती कशासाठीं बांधली याचा विचार त्यांतील थोडेच करितात. दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांनीं आणून, त्या पाण्याच्या जोरावर जातें फिरवून, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील फकीर, शिष्य व वाटसरू यांच्यासाठीं पीठ दळलें जाई. ज्यास आपण आज प्रेक्षणीय स्थळ म्हणतों तें मुळांत एका सार्वजनिक स्वयंपाकघराचें जातें होतें. दक्षिणेस पैठण आहे. तेथें सोळाव्या शतकांत एकनाथमहाराजांनीं श्राद्धाकरितां शिजविलेलें अन्न दारावरच्या भुकेल्या अस्पृश्यांस वाढलें व त्याबद्दल गांवच्या ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला, अशी कथा घरोघरीं सांगितली जाते. त्या कथेंतील धडा अन्न दिलें एवढाच नाहीं. अन्न कोणास आधीं द्यावयाचें, या प्रश्नाचें उत्तर शास्त्राच्या पोथींतून न घेतां भुकेवरून घेतलें, हा तो धडा होय. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतील लंगरांत राव आणि रंक एकाच पंगतीस बसतात. तेंही याच मराठवाड्यांत आहे.

याच परंपरेंतील एक अलीकडचें उदाहरण आमच्या शहरानें देशास दाखविलें. ५ डिसेंबर २०१५ रोजीं बायजीपुरा भागांत श्री. युसुफ मुकाती यांनीं ‘रोटी बँक’ सुरू केली. तिची रचना अगदीं साधी होती. सभासदांनीं आपल्या घरच्या रोजच्या स्वयंपाकांतून निदान दोन ताज्या रोट्या व थोडी भाजी आणून जमा करावी, व ज्यास गरज असेल त्यानें येऊन ती घेऊन जावी. आरंभीं सुमारें अडीचशें सभासद झाले. येथें पैशाची देवघेव नाहीं, जातधर्माची चौकशी नाहीं, व घेणारानें आपलें दारिद्र्य सिद्ध करून दाखविण्याची अट नाहीं. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. शहरांत मागून खाणाऱ्यांपेक्षां मागण्याची लाज वाटून उपाशी राहणारे अधिक असतात: हात थकलेला म्हातारा कारागीर, नवऱ्यानें टाकलेली स्त्री, खानावळीचे पैसे थकलेला विद्यार्थी, घाटी रुग्णालयांत रोग्याच्या उशाशीं बसलेला खेड्यांतील नातेवाईक. अशांस दारोदार न फिरतां, नांव न सांगतां अन्न मिळावें, ही कल्पना ज्यांस सुचली त्यांस भुकेबरोबर अब्रूचीही ओळख होती. घाटीच्या आवारांत रोग्यांच्या नातेवाइकांस जेवण वाढणारीं निरनिराळ्या धर्मांचीं मंडळेंही याच आदरास पात्र आहेत.

परंतु आदर करणें वेगळें व तेवढ्यावर संतुष्ट राहणें वेगळें. अशा कार्यांचे गुण आम्हीं सांगितले, तशा मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्वेच्छेनें दिलेलें अन्न देणाराच्या सोयीनें येतें. सणावारीं तें उतूं जातें, परीक्षेच्या व उन्हाळ्याच्या दिवसांत तें आटतें; ज्या वस्तींत देणारे राहतात तेथें तें पोंचतें, वाळूज व चिकलठाण्याच्या पलीकडील मजुरांच्या खोल्यांपर्यंत तें पोंचत नाहीं. गरोदर स्त्रीस कोणतें अन्न हवें, दोन वर्षांच्या मुलास किती डाळ हवी, याचा विचार दोन रोट्यांच्या दानांत होऊं शकत नाहीं. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही कीं, दान घेणारास दुसऱ्या दिवशीं दानाची मागणी करतां येत नाहीं. जें मागतां येत नाहीं तो हक्क नव्हे. आणि ज्याचा हक्क नाहीं त्याची शाश्वती नाहीं.

महाराष्ट्रांतील सुधारकांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली होती. १८७७ च्या भयंकर दुष्काळांत महात्मा जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं पुण्याजवळ धनकवडीस उपाशी मुलांकरितां ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालविला. सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागांत दुष्काळग्रस्तांत काम करीत होत्या. त्यांनीं भाकरी वाढली खरी. परंतु भाकरी वाढून ते थांबले नाहींत. शेतकरी दाणा पिकवितो आणि तोच उपाशी कां राहतो, हा प्रश्न जोतीरावांनीं सरकारास, सावकारास व भटशाहीस आयुष्यभर विचारला. वाढपी आणि फिर्यादी या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या ठायीं असाव्या लागतात, हें त्यांच्या चरित्राचें सार आहे.

पुढें शंभर वर्षांनीं, १९७२ च्या दुष्काळांत, या विचारानें कायद्याचें रूप घेतलें. दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें खडी फोडीत व माती वाहत होतीं, त्यांच्या मुलांस सुकडी वाटली जात होती. त्या अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्यें झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. केंद्रानें २००५ मध्यें त्याच तत्त्वावर देशासाठीं कायदा केला. या योजनेचा पैसा कोठून आला, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं विसरूं नये. १९७५ चा व्यवसायकर हा मुख्यत्वें याच कामासाठीं बसविलेला होता. शहरांतील नोकरदार, वकील, डॉक्टर व दुकानदार यांनीं वर्षाकांठीं ठराविक रक्कम द्यावी व राज्यानें तितकीच आपली भर घालावी, अशी ती व्यवस्था. आज या कराची कमाल मर्यादा वर्षास २५०० रुपये आहे. म्हणजे शहरानें खेड्याच्या भुकेचा भार उचलावा हें तत्त्व महाराष्ट्रानें पन्नास वर्षांपूर्वींच मान्य केलें आहे. तेव्हां ‘आम्हांस त्याचें काय?’ असें विचारण्याची सोय आपणांस आतां उरलेली नाहीं. आपण देतच आहों. प्रश्न इतकाच कीं, दिलेल्याचा हिशेब आपण मागतों कीं नाहीं.

तो हिशेब आज मागूं या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें देशांतील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांस दरमहा माणशीं ५ किलो धान्याचा हक्क दिला. अत्यंत गरीब अंत्योदय कुटुंबांस ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हें धान्य विनामूल्य झालें व १ जानेवारी २०२४ पासून आणखी पांच वर्षें तें तसेंच देण्याचें केंद्रानें ठरविलें. ही मोठी गोष्ट आहे, व ती लहान करून दाखविणें अप्रामाणिकपणाचें होईल. तथापि ५ किलोंस तीस दिवसांनीं भागिलें तर दिवसास सुमारें १६७ ग्रॅम येतात. अंगमेहनत करणाऱ्या मनुष्यास याच्या दुपटीहून अधिक धान्य लागतें. शिवाय हें धान्य मुख्यत्वें गहूं व तांदूळ असतें. डाळ व तेल माणसानें बाजारांतूनच घ्यावयाचें. महाराष्ट्राच्या शहरी भागांत लाभार्थ्यांची मर्यादा सुमारें ४५ टक्के ठरलेली आहे, व ती २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. २०२१ मध्यें व्हावयाची जनगणना त्या वर्षीं झाली नाहीं. शहर वाढलें, कारखाने वाढले, वस्त्या वाढल्या. परंतु पात्रतेची चौकट जुन्याच मापाची राहिली. मग नवें नांव यादींत घालावयाचें तर जुनें कोणाचें तरी निघालें पाहिजे. पंगतीस पानें शंभर मांडावयाचीं आणि पाहुणे दीडशें बोलवावयाचे, अशी ही गत आहे.

आमच्या विभागाचें आणखी एक गाऱ्हाणें आहे. २०१५ सालीं राज्य सरकारनें मराठवाड्याचे व अमरावती विभागाचे सर्व जिल्हे आणि वर्धा, अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांस माणशीं ५ किलो धान्य दोन-तीन रुपये किलोनें देण्यास आरंभ केला. पुढें त्या योजनेस धान्य मिळेनासें झालें, तेव्हां २०२३ पासून धान्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये रोख देण्याचें ठरलें. पुढील वर्षीं ते १७० केले. ज्वारी किलोस ४० रुपये धरली तर १७० रुपयांत सव्वाचार किलो येते; भाव ५० झाला कीं साडेतीन किलोंही येत नाहीं. धान्याचें पोतें महागाईनें हलकें होत नाहीं, रोकड होते. व्यापाऱ्यांस हा फरक उदाहरणानें समजाविण्याची गरज नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या घरांत रोकड येण्यापूर्वींच औषधवाला, बियाणेंवाला व सावकार वाट पाहत असतात, त्याच्या मुलाच्या ताटापर्यंत त्यांतील किती पोंचणार?

शिजविलेल्या अन्नाचीही एक योजना आहे. २६ जानेवारी २०२० रोजीं शिवभोजन थाळी सुरू झाली. तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण व १५० ग्रॅम भात, दर १० रुपये. शहरांत थाळीमागें खर्च ५० रुपये धरून बाकीचे ४० सरकारनें द्यावयाचे. टाळेबंदींत तिचा दर ५ रुपये झाला, व २०२१ मध्यें कांहीं महिने ती विनामूल्यही मिळाली. त्या संकटांत या थाळीनें किती मजुरांस तारलें हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु २०२५ मध्यें केंद्रचालकांचीं बिलें महिनोन्‌महिने थकल्याची ओरड राज्यांत ठिकठिकाणीं झाली. बिल थकलें कीं वरण पातळ होतें, भाजी कमी होते, व शेवटीं केंद्राच्या दारास कुलूप लागतें. १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर आमच्या वाचकांस आठवत असेल. पांच-सहा वर्षांत भाकर गेली आणि टपऱ्या मात्र राहिल्या. जागा मोक्याच्या होत्या, म्हणून कितीएक ठिकाणीं त्यांत दुसराच धंदा चालूं लागला. सरकार बदललें कीं योजनेचें नांव बदलतें, नांव बदललें कीं पैसा आटतो, आणि पैसा आटला कीं उपाशी माणूस जेथें होता तेथेंच असतो. भुकेस पक्ष नाहीं. तिच्यावरील उपायासही नसावा.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, त्याचा विचार करूं. कांहीं शहाणे म्हणतात कीं, फुकट अन्न दिल्यानें लोक आळशी होतात, कामास माणूस मिळत नाहीं. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, भुकेलेल्यांत मोठा भाग लहान मुलें, म्हातारे, आजारी व बाळंतिणी यांचा असतो. त्यांस उपाशी ठेवून कोणता उद्योग वाढणार आहे? दुसरी ही कीं, दिवसास १६७ ग्रॅम धान्यावर कोणी मनुष्य घरीं बसून राहूं शकत नाहीं. त्यास मीठ, तेल, भाडें, औषध यांकरितां काम करावेंच लागतें. फरक पडतो तो एवढाच कीं, घरांत चार दिवसांचें पीठ असलेला मजूर मिळेल त्या मजुरीवर राबण्यास लगेच तयार होत नाहीं. हा फरक कोणास खुपत असेल तर त्यानें तसें स्पष्ट बोलावें. परंतु आपल्या सोयीस नीतीचें नांव देऊं नये.

आतां या प्रश्नाच्या मुळाकडे, म्हणजे शेताकडे, जाऊं. आमच्या जिल्ह्यांत कापूस व मका, आणि एकंदर मराठवाड्यांत सोयाबीन, यांनीं ज्वारी-बाजरीची पुष्कळ जागा घेतली. पूर्वीं सालगड्यास धान्य मिळे, बलुतेदारास धान्य मिळे. आतां सर्वत्र रोकड. नगदी पिकें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत पिकतें तें खातां येत नाहीं आणि जें खावयाचें तें विकत घ्यावें लागतें, त्या घराचें पोट पूर्णपणें बाजारभावावर टांगलेलें राहतें. यावर मराठवाड्यांतील स्त्रियांनींच एक उपाय काढिला आहे. लातूर व धाराशिव या भागांत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्यानें शेतकरी स्त्रियांनीं घरच्या जमिनींतील अर्धा-एक एकर तुकडा आपल्या ताब्यांत मागून घेतला, व त्यांत कमी पाण्यावर, सेंद्रिय खतावर भाजीपाला, डाळी व धान्य लाविलें. आधीं घरचें ताट भरावयाचें, उरलें तें विकावयाचें. २०१७ मध्यें या कार्यास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालें. या प्रयोगांत एकरापेक्षां निर्णय मोठा आहे: काय पेरावयाचें हें जिला चूल पेटवावी लागते तिनें ठरविलें.

पूर्वीं आमच्याच हैदराबाद संस्थानांत असलेल्या, व आतां तेलंगणांत गेलेल्या, जहीराबाद भागांतील दलित स्त्रियांचे संघ याच्याही पुढें गेले. ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’च्या मदतीनें त्यांनीं पडीक जमिनी लागवडीस आणण्यास शेतकऱ्यांस उसनवारी दिली, परतफेड रुपयांत न घेतां ज्वारींत घेतली, ती ज्वारी गांवांतच सांठविली, आणि टंचाईच्या महिन्यांत स्वस्त दरानें गरिबांस दिली. गरीब कोण, हें तहसिलींतील कारकुनानें ठरविलें नाहीं; गांवच्या सभेंत सर्वांसमक्ष ठरलें. त्यामुळें खोट्या नांवास जागा राहिली नाहीं. केरळांत १९९८ मध्यें सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’च्या स्त्रिया खंडानें जमीन घेऊन गटानें शेती करितात, व २०२० च्या संकटांत त्यांनींच गांवोगांव सार्वजनिक स्वयंपाकघरें चालविलीं. पिकविणारे हात व वाढणारे हात एकच असले म्हणजे काय होतें, याचा हा दाखला आहे.

ज्यांस जमीनच नाहीं त्यांचें काय? मराठवाड्यांत हा प्रश्न गायरानाचा आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं १९५३ मध्यें येथील भूमिहीनांनीं पडीक जमिनीसाठीं सत्याग्रह केला. १९६४-६५ मध्यें त्याच मागणीकरितां देशभर लोक तुरुंगांत गेले. पुढें १४ एप्रिल १९९० पूर्वींचीं गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचें राज्यानें ठरविलें. त्या निर्णयाचा लाभ कितीएकांस मिळाला, परंतु कितीएक कुटुंबें अद्याप सातबाऱ्यावर नांव नसतां त्याच तुकड्यावर ज्वारी-बाजरी काढीत आहेत. त्यांस आपण अतिक्रमणवाले म्हणतों. अन्न पिकविणारास गुन्हेगार ठरवून मग त्यासच शिधा वांटणें, हा उलटा व्यवहार आहे.

इतकें विवेचन करून आम्ही कोणाकडे बोट दाखवून मोकळे होऊं इच्छीत नाहीं. या शहरांत, याच वर्षीं, करतां येण्याजोग्या गोष्टी आम्ही सुचवितों.

पहिली गोष्ट, अन्नदान करणाऱ्या सर्व मंडळांनीं, मग तीं मंदिराचीं असोत, मशिदीचीं असोत, विहाराचीं असोत कीं गुरुद्वाऱ्याचीं, एकत्र बसून वस्तीवार एक यादी करावी. आज एकाच रुग्णालयाच्या दारीं एका दिवशीं तीन ठिकाणचें अन्न येतें व दुसऱ्या दिवशीं एकही नाहीं. वार वाटून घेतले तर तेवढ्याच अन्नांत दुप्पट पोटें भरतील. वाटतांना घेणाऱ्यांचीं छायाचित्रें काढण्याची अलीकडची चाल मात्र ताबडतोब बंद व्हावी. दोन पोळ्यांच्या मोबदल्यांत कोणाची अब्रू विकत घेण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

दुसरी गोष्ट आमच्या आडत्या व किराणा व्यापाऱ्यांकरितां आहे. पूर्वीं हिशेबपट्टींत हमाली व तोलाईबरोबर ‘धर्मादाय’ म्हणून एक रक्कम धरीत, व ती बहुधा शेतकऱ्याच्या पदरांतून जाई. तें दान नव्हतें. दुसऱ्याच्या खिशांतून केलेला पुण्यसंचय होता. आतां तोच धर्मादाय स्वतःच्या नफ्यांतून काढावा: प्रत्येक पोत्यामागें मूठभर डाळ. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं असाच मूठमूठ धान्याचा मुष्टिफंड जमवून गरीब मुलांचीं वसतिगृहें चालविलीं. १९२४ मध्यें साताऱ्यास सुरू केलेल्या त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र जेवीत. त्यांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरील दागिने दिले. ज्या महाराष्ट्रांत हें झालें, तेथें मोंढ्यानें मूठभर डाळ देणें अवघड नाहीं. आणि डाळच कां? कारण शिध्यांत तीच कमी पडते.

तिसरी गोष्ट, शाळा, वसतिगृहें व महापालिकेच्या मोकळ्या जागा यांत स्वयंसेवकांनीं परसबागा कराव्या व त्यांतील भाजी जवळच्या अंगणवाडीस व शाळेच्या पोषण आहारास द्यावी. ज्या शहरानें नळाच्या पाण्याची कैक दिवस वाट पाहिली आहे, तेथें पाण्याचा विचार आधीं हवा. शेवगा, कढीपत्ता, अंबाडी, वाल अशीं थोड्या पाण्यावर तगणारीं झाडें निवडावीं. नाल्याच्या घाण पाण्यावर वाढविलेली भाजी मुलांस देणें म्हणजे एक रोग काढून दुसरा देणें होय. हिमायतबागेंत फळसंशोधन केंद्र आहे, परभणीस कृषि विद्यापीठ आहे. त्यांच्या जाणकारांस बोलावून घ्यावें. अशा बागांनीं शहराची भूक भागेल असा भ्रम आम्हांस नाहीं. परंतु आठवड्यांतून दोनदां मुलांच्या ताटांत हिरवी भाजी येईल, आणि ज्या मुलांनीं ती लाविली त्यांस अन्न कोठून येतें हें कळेल.

चवथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, वाढणारांनीं हक्काचीही विचारपूस करावी. २०१३ च्या कायद्यांत दक्षता समित्यांची व सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानें २९ जून २०२१ रोजीं स्थलांतरित मजुरांस कोणत्याही गांवीं आपल्या शिधापत्रिकेवर धान्य मिळावें असा आदेश दिला आहे. वाळूजच्या किती परप्रांतीय मजुरांस हें ठाऊक आहे? प्रत्येक स्वयंसेवकानें पोळी देतांना एवढेंच विचारावें: कार्ड आहे काय, धान्य मिळतें काय, मिळत नसल्यास अर्ज कोणीं भरून द्यावा? सुशिक्षितांच्या एका तासानें एका कुटुंबास वर्षभराचें धान्य मिळूं शकतें. याहून स्वस्त अन्नदान आम्हांस ठाऊक नाहीं. रोख रक्कम भाववाढीशीं जोडावी, शिवभोजनाचीं बिलें वेळेवर द्यावीं, या मागण्याही व्यापारी महासंघांनीं व नागरिकांच्या संस्थांनीं एकमुखानें केल्या पाहिजेत. उपाशी माणसाच्या अर्जापेक्षां करदात्याच्या पत्राचें वजन कचेरींत अधिक पडतें. तें वजन आपण आपल्या करसवलतीसाठीं वापरतोंच, एकदां शेजाऱ्याच्या ताटासाठींही वापरून पाहूं.

पांचवी गोष्ट, सर्व जमाखर्च दर महिन्यास फळ्यावर लिहावा. दानाचा पैसा लोकांचा असतो. त्याचा हिशेब देवास देऊं असें म्हणणारावर विश्वास ठेवूं नये.

रोटी बँकेच्या दारांतून एक माणूस रोटी घेऊन जातो. त्या रोटीनें त्याची आजची वेळ निभावते. उद्यां तो पुन्हा येईल, तेव्हां त्यास रोटी द्यावीच. पण आपण त्याचबरोबर हें विचारूं कीं, ज्या शहरांत तो राबतो त्या शहरानें त्याच्या उद्यांच्या जेवणाची तजवीज कां केली नाहीं. करमाडच्या रुळांवरील पोळ्या त्या सोळा जणांनीं स्वतःच्या कष्टानें मिळविलेल्या होत्या. त्या खाण्यास ते जगले नाहींत. त्यांच्यासारखा दुसरा कोणी आमच्या हद्दींतून उपाशी, पायीं, रात्रीच्या अंधारांत निघून जाऊं नये, एवढें तरी या शहरानें आपल्या मनाशीं ठरवावें, व तें पार पडलें कीं नाहीं हें वर्षाअखेरीस आपल्या इतर खात्यांबरोबर तपासून पाहावें.